बिनवायरीचा फॉल्ट

मी नाशिकला, सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. तेवीस वर्षं झाली. मशीन बंद पडलं की लोक आधी देवाला हाक मारतात, मग मला. देव येत नाही, मी येतो. नवी पोरं रुजू झाली की पहिल्या दिवशी त्यांना मी एकच गोष्ट शिकवतो, जी मला माझ्या उस्तादाने शिकवली : "आधी प्लग बघ. मग वायर बघ. मग डोकं लाव." उस्ताद स्वतः तिसऱ्या पायरीपर्यंत क्वचितच जायचा, आणि त्याचं कधी काही अडलं नाही.

असा मी, गेल्या उन्हाळ्यात घरी कॉम्प्युटर जोडला. आणला नाही, जोडला. हा फरक मी तेव्हा भेटेल त्याला समजावून सांगत होतो. महात्मा गांधी रोडवर तयार मशीनचा भाव विचारला आणि सुट्या भागांची बेरीज केली, तर मध्ये साडेसहा हजारांचा फरक पडत होता. दीडशे टनांची प्रेस खोलून परत बसवणाऱ्या माणसाने चार स्क्रू पिळायचे साडेसहा हजार दुसऱ्याला द्यायचे? एका रविवारी जेवणाच्या टेबलावर आईने वर्तमानपत्र अंथरून दिलं (तेल सांडेल म्हणून, मी तिला कॉम्प्युटरला तेल लागत नाही असं सांगितलं, तिला ते पटलं नाही) आणि मी मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, एसएसडी, एसएमपीएस सगळं क्रमाने बसवलं. बटण दाबलं. पहिल्या फटक्यात पडदा उजळला. बायकोने औक्षण तेवढं करायचं बाकी ठेवलं.

उजळलेल्या पडद्यावर पहिलं वाक्य आलं ते असं, की पुढे जायचं तर इंटरनेट जोडा. जोडू. पण वायफाय दिसेना, कारण वायफायचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं सॉफ्टवेअर, नव्हतं. ड्रायव्हर कुठे मिळतो? इंटरनेटवर. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ही म्हण ज्याने रचली त्याने विंडोज टाकलेलं असणार. तासभर त्या पडद्याकडे बघून शेवटी कॉलेज रोडला राहणाऱ्या भाचीला बोलावलं. तिने स्वतःचा फोन चार्जिंगच्या वायरने कॉम्प्युटरला जोडला, फोनमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू केलं, आणि फोनचं इंटरनेट वायरीतून आत गेलं. दोन मिनिटं. "मामा, एवढंच होतं," ती म्हणाली. मी "हो, तेच करणार होतो," असं म्हणालो. ते तिनेही ऐकलं आणि माझ्या बायकोनेही.

खरा फॉल्ट त्यानंतर सुरू झाला. वायफाय दिसायला लागलं, पण एक काडी. तीही दर दहा-बारा मिनिटांनी जायची आणि आपली आपण परत यायची, गावातल्या लाइटसारखी. त्याच खोलीत त्याच खुर्चीत बसून माझ्या फोनला तीन काड्या; आणि मी स्वतःच्या हाताने उभ्या केलेल्या मशीनला एक!

मी टेस्टर घेऊन उभा राहिलो आणि लक्षात आलं, की तो लावायला जागाच नाही. प्लग बघून झाला. आता वायर बघायची, तर वायरच नाही. माझी तेवीस वर्षांची विद्या तिथे संपली. जळका वास नाही, आवाज नाही, हात लावला तर चटका नाही. आजाऱ्याची नाडी बघायची, तर आजारी कुठे आहे तेच सापडत नाही, असला प्रकार.

कारखान्यात चहाच्या वेळी मी चूक केली, चारजणांत हे बोललो. त्या दिवसापासून मला सल्ले सुरू झाले. राउटर बंद करून चालू कर, दहापर्यंत मोज. नाही, तीसपर्यंत मोज. राउटर उंचावर ठेव. एकाने सांगितलं, की विंडोज वीज वाचवायला वायफायचं कार्ड मधूनच झोपवतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन त्याची ती परवानगी काढ. हे खरं निघालं, तशी खूण तिथे होती. काढली. आता वायफाय जागेपणी तुटायला लागलं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक निवृत्त सर राहतात, फिजिक्सचे. जिन्यात गाठलं त्यांनी. "अहो, जगदीशचंद्र बोसांनी १८९५ साली कोलकात्यात भर सभेत भिंतीपलीकडची घंटा वाजवून दाखवली, बंदुकीची दारू पेटवून दाखवली. बिनतारी! आणि तुमचं हॉलमधून बेडरूममध्ये येत नाही?" मी म्हटलं, "सर, त्यांच्यामध्ये कपाट नसेल." हे मी चिडून बोललो होतो, पण सरांचा चेहरा एकदम खुलला. वर आले, घर फिरून पाहिलं, आणि पॅसेजमध्ये आईच्या लोखंडी कपाटावर दोनदा टकटक केली. वायफायची ती जुनी, २.४ गिगाहर्ट्झवाली लाट साडेबारा सेंटिमीटरची, म्हणजे जेमतेम अर्धी वीत, असं त्यांनी बोटांनी दाखवलं. वीट-सिमेंटमधून ती थकतभागत का होईना जाते. पत्र्यावर आपटली की मागे फिरते. "कपाट हलवा," सर म्हणाले आणि चहा घेऊन गेले.

आता, ते कपाट हलवणं म्हणजे काय, हे सरांना माहीत नाही. ते आईच्या लग्नातलं आहे. एका पायाखाली दोन पाचरी, दुसऱ्याखाली एक जुनं पंचांग घडी करून, असा त्याचा तोल वडिलांनी जमवला होता. ते बोटभर सरकलं की दार लागत नाही. दार लागलं नाही की आतली येवल्याची पैठणी, चांदीची ताटं आणि तीन पिढ्यांच्या पत्रिका उघड्यावर येतात. "माझ्यानंतर काय ते हलवा," असं आई म्हणाली. विषय संपला.

मग राउटरच हलवू म्हटलं. तो हॉलमध्ये देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर आहे, कारण फायबर तिथूनच घरात शिरली आहे. फायबर बसवणाऱ्या मुलाला बोलावलं. तो म्हणाला, "काका, ही काच असते. जास्त वाकवली की आतला उजेड बाहेर गळतो, मग नेट गेलंच." वाकवल्याशिवाय ती बेडरूममध्ये जाणार नव्हती. राउटर देवाजवळच राहिला. आई संध्याकाळी निरांजन लावते तेव्हा त्याच्या हिरव्या दिव्याकडेही एकदा बघून घेते. हात जोडत नाही, पण बघते.

नंतरचे आठ दिवस मी फोनवर एक अ‍ॅप घेऊन घरभर फिरत होतो. आजूबाजूची वायफाय किती, कोणत्या चॅनेलवर, कुणाचा जोर किती, सगळं त्यात दिसतं. इंदिरानगरातल्या आमच्या त्या एका सोसायटीत सत्तावीस निघाली. एकाचं नाव 'श्री गजानन प्रसन्न', एकाचं 'पासवर्ड मागू नये', आणि एकाचं नुसतंच 'मेंटेनन्स भरा'. हे शेवटचं सेक्रेटरींचं असणार, पण विचारायची हिंमत झाली नाही. बहुतेक सगळे चॅनेल एक, सहा आणि अकरावर दाटीवाटीने बसले होते. तीन नंबर मोकळा. माणसांच्या बुद्धीची कीव करत मी राउटरचं चॅनेल तीनवर नेलं.

अवस्था आणखी बिघडली. भाची फोनवर म्हणाली, "मामा, तीन मोकळं नसतं." मग तिने समजावलं. चॅनेल तेरा दिसतात खरे, पण प्रत्येकाची रुंदी वीस मेगाहर्ट्झ आणि दोघांमधलं अंतर फक्त पाच. म्हणजे शेजारचे चॅनेल एकमेकांच्या अंगावर. एकमेकांना न लागणारे असे एक, सहा, अकरा एवढेच. तीनवर बसलेल्याला एकवाल्यांचाही धक्का आणि सहावाल्यांचाही. मला २०१५चा सिंहस्थ आठवला. शाहीस्नानाच्या दिवशी पंचवटीत, गर्दी टाळायची म्हणून मी एक मोकळी गल्ली हेरून तिच्यात घुसलो होतो. ती मोकळी का आहे ते दोन्ही टोकांकडून लोक आल्यावर कळलं.

मध्ये साडेचारशे रुपयांचं डोंगलही, म्हणजे यूएसबीत खोचायचं वायफाय, घेऊन झालं. ते मी मागच्या बाजूला, बाहेरच्या हार्डडिस्कला अगदी खेटून लावलं. यूएसबी ३.० ची डिस्क चालू असली की तिचा खरखराट नेमका याच २.४ च्या पट्ट्यात पसरतो, ही माहिती साडेचारशे रुपये दिल्यानंतर मिळाली. वाचलेल्या साडेसहा हजारांचं काय झालं, असं बायकोने विचारलं नाही. विचारलं नाही हे मला दिसेल, एवढी काळजी मात्र तिने घेतली.

मे महिन्यातल्या रविवारी भाची आमरसाला आली. जेवण झाल्यावर सहज कॅबिनेटच्या मागे वाकली.

"मामा, अँटेना कुठेय?"

"कसली अँटेना?"

"मग हे दोन सोनेरी पेच कशाला दिलेत?"

मी शांतपणे सांगितलं, "अर्थिंगचे आहेत ते."

ती सरळ उभी राहिली. काही बोलली नाही. तिच्या आईचा स्वभाव तिच्यात उतरला आहे. खरं सांगतो, ते दोन आटेदार, पितळी चकाकीचे स्टड मी पहिल्याच दिवशी पाहिले होते आणि कंपनीचं कौतुक केलं होतं, की बघा, सुरक्षेचा किती विचार! हिरवी वायर आणून त्यातल्या एकाला अर्थ द्यायचाही बेत होता. म्हणजे इतके दिवस माझं मशीन विनाअँटेना, उघड्या पेचांवर, जीव तोडून ती एक काडी पकडत होतं. मला त्याची दया आली.

अँटेना मदरबोर्डच्या खोक्यात असते म्हणे. खोकं माळ्यावर सापडलं. त्यात कुरडया होत्या. "एवढं चांगलं मजबूत खोकं, फेकून काय द्यायचं?" आई म्हणाली. कुरडयांच्या खाली सीडी होती, माहितीपुस्तक होतं, अँटेना नव्हती. "काळी असते," भाची सांगायला लागली, "उभी, चपटी, खाली चुंबक, आणि मागे दोन वायरी, शेपट्या असतात तशा..." बोलता बोलता ती थांबली. आम्ही सगळेच फ्रिजकडे बघत होतो. फ्रिजच्या दारावर, लाइट बिल आणि दूधवाल्याचं कार्ड दाबून धरत, महिनाभर ती तिथे उभी होती. शेपट्यांना बायकोने छानपैकी रबरबँड लावला होता. तिथून मी रोज पाण्याची बाटली काढत होतो.

अँटेना लागली आणि चार काड्या आल्या. हा लेख इथे संपायला हवा होता.

पण मंगळवारी संध्याकाळी आमच्या प्लँट हेडची ऑनलाइन मीटिंग होती. मी घरून, नव्या मशीनवर, कॉलरचा शर्ट घालून बसलो. "या ब्रेकडाउनचं मूळ कारण काय?" असं साहेबांनी विचारलं आणि मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. ते तसंच राहिलं. अर्धा मिनिट सगळ्या कारखान्याने माझ्या दाढा पाहिल्या. त्या अर्ध्या मिनिटात आत बायको मायक्रोवेव्हमध्ये पापड भाजत होती. मायक्रोवेव्हची लाट २.४५ गिगाहर्ट्झची, वायफाय २.४ वर, दोघं एकाच गल्लीतले. भट्टीतून एवढीशी जरी गळती झाली, तरी तिच्यापुढे राउटरचा आवाज म्हणजे ढोलपथकापुढे पिपाणी. वायफायच्या दुसऱ्या, पाच गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर गेलो तर पापडाचा त्रास संपत होता. पण ती लाट त्याहून आखूड आणि भिंतींना आणखी लवकर दमणारी. ती पॅसेजपर्यंत आली आणि आईच्या कपाटाशी थांबली.

पापड बंद करा, असं म्हणून पाहिलं. एकदाच म्हणालो.

त्या रविवारी मी राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत न्यायला पंधरा मीटर कॅट-सिक्स, म्हणजे नेटची केबल आणली. केबल हातात घेतली आणि किती दिवसांनी आपल्या माणसात आल्यासारखं वाटलं! वजन आहे, रंग आहे, दोन टोकं आहेत. हॉलच्या भिंतीला राउटरच्या फळीखाली भोक पाडायचं ठरवलं. तिथलं एकुलतं एक सॉकेट रिकामं करून ड्रिल लावलं, दहा एमएमचं बिट घातलं, धूळ उडवली, आईच्या समयीवर फडकं टाकायला विसरलो, बोलणी खाल्ली. केबल पॅसेजमधून, कपाटाच्या डोक्यावरून, क्लिपा ठोकत आत नेली. दोन्ही टोकांना क्रिंपिंगही, म्हणजे आठ तारा ओळीने लावून पिन दाबून बसवणं, मीच केलं. पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. एक टोक राउटरच्या मागे हात घालून, न बघता, खट्कन बसवलं. दुसरं कॉम्प्युटरला.

पडद्यावर आलं : केबल जोडलेली नाही.

हरकत नाही. वायरीचा फॉल्ट म्हणजे माझं राज्य. आतलं टोक कापून परत क्रिंप केलं. तेच. बाहेरचं टोक कापलं, परत केलं. तेच. मल्टिमीटर आणून आठही तारांची कंटिन्युइटी पाहिली, आठही चोख. मग लॅनचा ड्रायव्हर काढून परत टाकला. मदरबोर्डचाच पोर्ट गेला असणार या निष्कर्षापर्यंत मी दीड तासात पोचलो. वॉरंटीची पावती शोधत असताना आई निरांजन घेऊन देव्हाऱ्याकडे गेली.

"काय रे," ती तिथूनच म्हणाली, "तो देवाजवळचा हिरवा दिवा दुपारपासून गेलाय. मला वाटलं तूच काढलास."

मी बाहेर आलो. सॉकेटमध्ये ड्रिलची पिन होती. राउटरची पिन खाली, विटांच्या भुशात पडलेली. मी कुणाकडेही न बघता ड्रिल काढलं, फुंकर मारून ती पिन लावली. एकेक करत दिवे लागले. आतून भाचीचा आवाज आला, "मामा, आलं!"

तेवढ्यात भिंतीपलीकडे घंटा वाजली. पापड झाले होते.