भीती चालते, उलट उत्तर चालत नाही

दिवाळीच्या सुटीत दादा पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सिनेमा लावतो. पांढरी चादर, मागून आणलेला प्रोजेक्टर, सतरंज्या, उरलेल्या चकल्या आणि सोसायटीतली झाडून सगळी पोरं. यंदा त्याने मेक्सिकन दिग्दर्शक गिलेर्मो देल तोरोचा ‘पिनोकियो’ निवडला. सिनेमा अर्ध्यावर आला तेव्हा दोन लहान मुलं रडत खाली गेली, आणि संपल्यावर मोठी माणसं वाद घालायला बसली. ठाण्यात रात्रीचे दहा वाजले होते. माझ्याकडे फ्रँकफर्टला संध्याकाळचे साडेपाच, नोव्हेंबरचा पहिला आठवडा, बाहेर अंधार पडलेला. दादाने फोन कठड्याला टेकवून ठेवला आणि म्हणाला, ‘तूही बोल, तुझ्या मुलीनेही पाहिलाय ना?’

ही मंडळी सिनेमाच्या बाबतीत कच्ची नाहीत. मल्हार टॉकीजला रांग लावून पहिला खेळ पाहिलेली, दिग्दर्शकांची नावं तोंडपाठ असलेली, चित्रीकरण कसं झालं असेल यावर तासभर बोलू शकणारी. या सिनेमातल्या बाहुल्या हाताने कणाकणाने हलवून, एकेक चौकट टिपून १०० मिनिटांहून मोठा सिनेमा कसा उभा केला, याचं त्यांना मनापासून कौतुक होतं. त्याला मार्च २०२३ मध्ये ऑस्कर मिळालं हेही ठाऊक होतं. त्यांची तक्रार गोष्टीबद्दल होती: लहानपणची एवढी गोड गोष्ट या माणसाने एवढी काळी का केली?

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पहिल्या महायुद्धात चर्चवर पडलेल्या बॉम्बमध्ये जेपेत्तोचा मुलगा मरतो. वर्षानुवर्षं दुःखात बुडालेला बाप एका रात्री दारूच्या नशेत पाइनचं झाड तोडतो आणि त्यातून लाकडी पोरगा कोरतो. इटलीत हुकूमशहा मुसोलिनीचं राज्य आहे. पोरगा शिकवल्याप्रमाणे वागत नाही, प्रश्न विचारतो, मरतो, परत येतो, पुन्हा मरतो. शेवटीही तो हाडामांसाचा होत नाही, लाकडाचाच राहतो.

‘मूळ गोष्टीची वाट लावली’ हे वाक्य त्या रात्री तीन-चार जणांनी म्हटलं. त्याचं उत्तर सोपं आहे, म्हणून ते आधी देऊन टाकते. आपण जिला मूळ म्हणतो ती १९४० सालची डिस्नेची गोष्ट. खरी मूळ गोष्ट कार्लो कोल्लोदीने इटलीतल्या मुलांच्या एका साप्ताहिकात १८८१ पासून क्रमशः लिहिली, आणि तिच्यात उपदेश करणाऱ्या रातकिड्याला पिनोकियो चौथ्याच प्रकरणात हातोडा फेकून मारतो. पंधराव्या प्रकरणात कोल्हा आणि मांजर त्याला ओकच्या झाडाला फासावर लटकवतात, आणि कोल्लोदीच्या मनात गोष्ट तिथेच संपली होती. वाचकांना ते सोसवलं नाही, म्हणून त्याने ती पुढे चालवली. जिथे मी राहते तिथून वीसेक किलोमीटरवर हानाऊ आहे, ग्रिम बंधूंचं जन्मगाव. हिमगौरीला मारायला निघालेली बाई त्यांच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत तिची सख्खी आई होती, १८१९ मध्ये त्यांनीच तिची सावत्र आई केली. गोष्टी अशाच चालत आल्यात. प्रत्येक पिढी त्यात आपल्याला सोसेल तेवढं ठेवते.

अंधार तर आपल्या गोष्टींतही काही कमी नव्हता. चिऊताईचं दार ठोठावणारा भिजलेला कावळा आमच्या आजीच्या गोष्टीत शेवटी तापल्या तव्यावर बसून भाजून निघायचा, आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. गडकरी रंगायतनमध्ये मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’तली चेटकीण आली की अख्खं नाट्यगृह किंचाळायचं. जेवत नाही? बागुलबुवा येईल. झोपत नाही? बुवा पिशवीत घालून नेईल. फ्रँकफर्टचा तर याबाबतीत जगात लौकिक आहे. इथल्या हाइनरिश हॉफमान नावाच्या डॉक्टराने १८४४ च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी वहीत गोष्टी लिहून चित्रं काढली आणि पुढच्या वर्षी त्यांचं पुस्तक झालं, ‘स्ट्रुवेलपेटर’. अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे शिंपी येऊन मोठ्या कात्रीने कापून नेतो. काडेपेटीशी खेळणारी मुलगी जळून राख होते. सूप नको म्हणणारा मुलगा पाचव्या दिवशी मरतो. या पुस्तकाचं शहरात संग्रहालय आहे आणि तिथे शाळांच्या सहली जातात.

गच्चीवरचा वाद ऐकता ऐकता मला एक गोष्ट लख्ख दिसली, आणि सांगायचं आहे ते हेच. मुलांना घाबरवायला आपली कधीच हरकत नव्हती. ठाण्यात नव्हती, फ्रँकफर्टलाही नव्हती. फक्त त्या भीतीने मुलाला वळण लावलं पाहिजे. जेव, झोप, ऐक, उलट बोलू नकोस. देल तोरोच्या सिनेमातली भीती हे काम करत नाही. तिथे घाबरवणारी माणसं ती आहेत जी मुलांना ऐकायला शिकवतात, आणि वाचतो तो न ऐकणारा.

पुस्तक आणि सिनेमा शेजारी ठेवून पाहा. पुस्तकात शाळा बुडवून खेळण्यांच्या देशात पळालेली मुलं गाढवं होतात. आपल्याकडेही गुरुजी ‘गाढवा’ म्हणायचे, त्यामुळे हा भाग मराठी मुलाला समजावून सांगावा लागत नाही. कोल्लोदी शाळेची क्रमिक पुस्तकंही लिहायचा. इटली १८६१ मध्ये एक झालेली, देश नवा, शाळा सक्तीची करण्याचा कायदा १८७७ चा. त्या काळी शाळेत जाणारं, ऐकणारं मूल हे देशाचं स्वप्न होतं आणि त्यात खोट काही नव्हती. देल तोरोने तीच गोष्ट उचलून पन्नास वर्षं पुढे नेली, जिथे भिंतीभिंतींवर ‘विश्वास ठेवा, आज्ञा पाळा, लढा’ ही घोषणा होती आणि आठ वर्षांच्या पोरांना गणवेश चढवला जात होता. त्याच्या सिनेमात खेळण्यांचा देशच नाही. त्या जागी मुलांची लष्करी छावणी आहे. पुस्तकात न ऐकणारी मुलं गाढवं होतात, सिनेमात ऐकणारी मुलं सैनिक होतात. छावणीत गावचा अधिकारी स्वतःच्या मुलाच्या हातात बंदूक देऊन पिनोकियोला गोळी घालायला सांगतो, आणि तो घाबरट पोरगा आयुष्यात पहिल्यांदा बापाला नाही म्हणतो.

माझ्या मते सिनेमाचा जीव त्या प्रसंगात आहे. वहिनीला नेमका तोच खटकला. त्याच्या जोडीला नाकाचा प्रसंग. खोटं बोललं की पिनोकियोचं नाक वाढतं. राक्षसी माशाच्या पोटातून सुटायला बाप स्वतः सांगतो, बाळा, खोटं बोल, आणि वाढत्या नाकाचा पूल करून सगळे बाहेर पडतात. वहिनी म्हणाली, ‘खोटं बोललं की सुटका, बापाला नाही म्हटलं की शूर. हे मी दोन्ही पोरांना मांडीवर घेऊन दाखवू?’

मी ज्या शाळेत शिकले तिथे रजेच्या अर्जाखाली ‘आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी’ लिहायचं असे. तो शब्द किती वेळा लिहिला असेन! कधी त्याचा विचार केला नाही. इथे आल्यावर तो पहिल्यांदा टोचला. आमच्या इमारतीच्या दारापुढे फुटपाथमध्ये पितळेचे दोन चौरस बसवलेत, दहा दहा सेंटिमीटरचे. अशा एक लाखाहून अधिक खुणा युरोपभर आहेत. वर कोरलंय, ‘इथे राहत होते’, मग नाव, जन्मसाल, आणि १९४१ साली कुठे नेलं ते. त्या ऑक्टोबरमध्ये नाझींनी फ्रँकफर्टहून हद्दपार केलेल्या ज्यूंची पहिली गाडी पोलंडमधल्या लोड्झला गेली, त्यातली ही माणसं. मुलगी सात वर्षांची असताना तिने खाली बसून ते वाचलं आणि विचारलं, ‘न्यायला आलेल्या लोकांना कुणीच नाही म्हटलं नाही?’ मी काहीतरी सांगितलं, पण उत्तर मलाच पुरलं नाही. ते सगळे हुकमाप्रमाणे वागले होते. यादी करणारा, दार ठोठावणारा, गाडी चालवणारा, सगळे आज्ञाधारक.

नऊ वर्षांची झाल्यावर तिने हा सिनेमा माझ्या शेजारी बसून पाहिला. मुसोलिनीसमोर पिनोकियो त्याची टर उडवणारं गाणं म्हणतो, तेव्हा ती खळखळून हसली, आणि लगेच गोळी घालायचा हुकूम सुटला तेव्हा माझा हात घट्ट धरला. ‘मुलांच्या गोष्टीत राजकारण कशाला’ हा प्रश्न तिच्या मनात आला नाही. तिच्या दारातच ते पुरलेलं आहे.

मी हे सगळं गच्चीवरच्या मंडळींना सांगितलं. जरा आवेशात सांगितलं. दादा माझ्या बाजूने होता. त्याला आवडलेली जागा वेगळी होती: चर्चमध्ये लाकडी येशूकडे बघून पिनोकियो विचारतो, हाही लाकडाचाच, मग सगळ्यांना हा आवडतो आणि मी का नाही? दादा म्हणाला, कळसूत्री बाहुल्यांच्या गावात एकट्या बाहुल्याला तेवढं सूत्र नाही, आणि हे ज्याला दिसलं त्याला सिनेमा काळा वाटायचा नाही. मग वहिनी बोलली, आणि तिचं बोलणं मी आजही बाजूला सारू शकलेले नाही.

‘अगं, तुझ्या मुलीने वर्गात हात वर करून बाईंना म्हटलं की मला हे पटत नाही, तर तिला काय मिळतं?’

मी म्हटलं, गुण मिळतात. खरंच मिळतात. इथे वर्गात बोलण्याचे गुण प्रगतिपुस्तकात धरतात. पालकसभेत बाई सांगतात, आणखी बोलायला हवी, आणखी विचारायला हवी.

‘आणि आमच्याकडे डायरीत शेरा येतो. लाल पेनाने. सही करायला मी जाते. चाळीस-पन्नास पोरांच्या वर्गात त्या बाईंनी तरी कुणाकुणाचं ऐकावं? तुझ्याकडे नाही म्हणणं फुकट आहे गं. इथे त्याचे पैसे पोरगं भरतं.’

गच्चीवर कुणी काही बोललं नाही. मीही.

परदेशात राहणाऱ्याला घरच्या वादात पडताना हे विसरायला होतं. मी जे धैर्य म्हणून मांडत होते ते माझ्या मुलीच्या शाळेत अभ्यासक्रमाचा भाग आहे. ते तिला या देशाने दिलं, आणि ते मिळवायला या देशाला काय काय बघावं लागलं ते फुटपाथवर कोरलेलं आहे. वहिनीचा मुलगा तेच करील तेव्हा तो एकटा असेल. म्हणून वहिनी मागासलेली आहे, किंवा तिला सिनेमा कळला नाही, असं मला मुळीच वाटत नाही. गच्चीवरच्या सगळ्यांत तिलाच तो सर्वांत नीट कळला. बाकीचे काळोख, मरण, दारू यावर बोलत होते. सिनेमा आपल्या पोराला काय करायला सांगतोय हे तिने ओळखलं आणि त्याची किंमत मोजून पाहिली.

तरी मी माझ्या जागेवरून हललेले नाही. किंमत आहे म्हणून ती गोष्ट मुलापासून लपवावी हे मला पटत नाही. शेरा येईल, सही करावी लागेल, पण आज्ञाधारक या शब्दाला दुसरी बाजू असते हे त्याला दहाव्या वर्षी एका लाकडी पोराकडून कळलेलं बरं. पुढे केव्हातरी कुणीतरी त्याला काहीतरी करायला सांगेल, तेव्हा आपण सोबत असू असं नाही.

दादाची चूक मात्र मी त्याला त्याच रात्री सांगितली. पाच वर्षांची मुलं त्या सतरंजीवर बसायला नको होती. जर्मनीत चित्रपटगृहाच्या दारावर ०, ६, १२, १६, १८ असे आकडे असतात आणि लोक ते पाळतात. भारतातही आता प्रमाणपत्रावर ७, १३, १६ वर्षांचे टप्पे आलेत. गच्चीवरच्या चादरीला असं प्रमाणपत्र नसतं, तिथे वय दादानेच बघायला हवं होतं. बाहुल्यांचा सिनेमा म्हणजे लहानांचा, हा समज त्याच्यासारख्या सिनेमावाल्याचाही असावा याचं मला वाईट वाटलं.

आणि गच्चीचा मला हेवाही वाटला, तोही सांगते. इथे आम्ही दोघींनी सिनेमा पाहिला, दोघीच बोललो, साडेआठला दिवा मालवला. तिथे बारा-चौदा मुलांनी आपल्या आयांना, काकांना, शेजाऱ्यांना एका सिनेमावरून मध्यरात्रीपर्यंत वाद घालताना ऐकलं. वहिनी सर्वांदेखत नवऱ्याला म्हणाली, तुझं चुकलं. मुलं ऐकत होती. माझ्या मुलीला ते कधी बघायला मिळणार?

नाताळच्या सुटीत आम्ही ठाण्याला जातोय. दादा तोच सिनेमा पुन्हा लावणार आहे, दहा वर्षांवरच्यांसाठी. परवा वहिनीचा फोन आला. धाकटा खाली आजीजवळ झोपेल. मोठ्याला ती वर पाठवणार आहे, पण एकट्याला नाही. छावणीचा तो प्रसंग नेमका किती वेळाने येतो हे तिने मला विचारून घेतलं आणि म्हणाली, तेव्हा मी त्याच्या शेजारी बसलेली असेन, मला त्याचं तोंड बघायचंय.