सहा हजारांचा थंड दिवा

गणपतीला आठ दिवस उरले असताना आमच्या गाडीचा डावा दिवा गेला. गाडी अकरा वर्षांची आहे आणि तिचा एखादा अवयव अधूनमधून निकामी होणे आम्ही अंगवळणी पाडून घेतलेले आहे; परंतु आई, पत्नी, चिरंजीव आणि पत्नीच्या मांडीवर फुलांची परडी एवढे सगळे घेऊन संध्याकाळच्या पावसात ताम्हिणी घाट उतरायचा, म्हटल्यावर एका डोळ्याने निघणे शक्य नव्हते.

हा बल्ब मी यापूर्वी तीन वेळा बदललेला आहे. दुकानात जाऊन ‘एच-फोर द्या’ म्हणायचे, काउंटरवरचा मुलगा मागे न वळता फडताळातून एक खोके काढतो, दीड-दोनशे रुपये द्यायचे आणि निघायचे. त्या बल्बमध्ये ६० आणि ५५ वॉटच्या दोन तारा असतात, एक मान वर करून लांबचे पाहण्यासाठी आणि दुसरी मान खाली घालून जवळचे पाहण्यासाठी, एवढ्या ज्ञानावर माझा आजवरचा रात्रीचा प्रवास सुखाने झाला होता. प्रकाशाला रंग असतो आणि तो गिऱ्हाइकाने निवडायचा असतो, हे मला कोणी सांगितलेच नव्हते.

ते नाना पेठेत कळले. नेहमीचा मुलगा जाऊन त्याच्या जागी एक उत्साही तरुण आला होता. त्याने माझी मागणी ऐकून घेतली आणि फडताळाकडे वळण्याऐवजी माझ्याकडे करुणेने पाहिले.

“साहेब, आता हॅलोजन कोण घेतं? एलईडी टाका. सहा हजार घ्या.”

मी काउंटरचा आधार घेतला. “एका बल्बचे?”

“जोडीच येते.”

“चार हजारांपर्यंत काही नाही का?”

“आहे की. त्रेचाळीसशे आहे. पण तुम्हाला मजा नाही येणार. ना धड इकडचा, ना धड तिकडचा.”

“आणि त्याहून कमी?”

“तीन हजार आहे. पण तो पिवळा पडतो.”

हे मला तत्काळ पटले. स्वस्तातला माल पिवळा पडतो, हा आमच्या घरातल्या बादल्यांपासून स्विचबोर्डांपर्यंतचा अनुभव आहे. तरीही घासाघीस करायची म्हणून मी विचारले, “साधारण किती दिवसांत पिवळा पडतो?”

“लावल्या लावल्याच पडतो,” तो अभिमानाने म्हणाला. “आठ हजारसुद्धा आहे, पण तो निळा पडतो. मग पोलीस थांबवतात.”

आठ हजार मोजल्यावर आपणही निळे पडू, याबद्दल मला शंका नव्हती. मी खिशातल्या पाकिटाला बाहेरूनच चाचपले आणि शेवटचा प्रयत्न म्हणून, ‘रोखीने दिले तर काय लावणार’ असे विचारले. तो म्हणाला, “बावीसशे.”

“कोणत्याचे?”

“सगळ्यांचे.”

यानंतर आम्ही दोघेही काही काळ एकमेकांकडे पाहत राहिलो. अखेर त्याने खोक्यावरचा आकडा माझ्यापुढे धरला. आकड्यापुढे रुपयाचे चिन्ह नव्हते, ‘के’ होता. पसंत न पडल्यास बदलून देण्याच्या बोलीवर मी सहा हजारवाली जोडी घेतली, कारण एवढी शोभा झाल्यानंतर तीन हजारवाली मागण्याचे धैर्य माझ्यात उरले नव्हते.

घरी आल्यावर ‘के’चा उलगडा चिरंजीवांनी केला. तो अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असल्यामुळे त्याला साधे उत्तर देता येत नाही. के म्हणजे केल्विन. विल्यम थॉमसन नावाच्या शास्त्रज्ञाने १८४८ साली निरपेक्ष तापमानाची मोजपट्टी मांडली आणि पुढे ते लॉर्ड केल्विन झाल्यामुळे तिला त्यांचे नाव मिळाले. लोहाराच्या भट्टीतले लोखंड तापत गेले की आधी लाल होते, मग नारिंगी, मग पिवळे, मग पांढरे. एखादी काळी वस्तू जितकी तापवल्यावर ज्या रंगाची दिसेल, तितके केल्विन त्या रंगाचे तापमान. मेणबत्तीची ज्योत साधारण १९००, आमचा जुना हॅलोजन ३२००, माध्यान्हीचा सूर्य ५५००च्या आसपास.

“म्हणजे सहा हजारवाला सर्वांत जास्त तापलेला,” मी म्हणालो.

“हो. म्हणून त्याला कूल म्हणतात,” तो म्हणाला. “आणि तीन हजारवाला वॉर्म.”

मी या विधानाकडे सर्व बाजूंनी पाहिले. जास्त तापलेला तो थंड आणि कमी तापलेला तो उष्ण, हे माझ्या गळी उतरेना. पिवळा रंग पाहून माणसाला शेकोटी आठवते आणि निळसर पांढरा पाहून बर्फ आठवतो, असे त्याचे स्पष्टीकरण होते. पण मग केल्विनसाहेबांना मध्ये आणून त्रास का द्यायचा, याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. ते आईपाशी निघाले. ती कोथिंबीर निवडत होती, मान वर न करता म्हणाली, “त्यात काय एवढं? पपई फ्रीजमधून काढली तरी उष्णच असते. दूध उकळून प्यालास तरी थंडच. हाताला काय लागतं त्याचा काय संबंध?”

चिरंजीवांनी वही मिटली. केल्विनसाहेबांची मोजपट्टी आमच्या स्वयंपाकघरात इतक्या सहज बसेल, याची त्यालाही कल्पना नसावी. आईने मात्र हा विषय तेवढ्यावर सोडला नाही. मला पित्ताचा त्रास असल्यामुळे मी उष्ण दिव्याच्या भानगडीत पडू नये, असा सल्लाही तिने दिला.

त्याच रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्रयोग झाला. चिरंजीवांनी डावीकडे नवा पांढरा बल्ब बसवला, उजवीकडचा जुना हॅलोजन तसाच ठेवला आणि गाडी समोरच्या भिंतीकडे तोंड करून उभी केली. दिवे लागताच भिंतीचे दोन भाग झाले. गेल्या वर्षी त्या भिंतीला कोणता रंग द्यावा यावरून तीन सर्वसाधारण सभा झाल्या होत्या आणि शेवटी सर्वानुमते असा रंग लागला होता की जो कोणालाच आवडला नाही. आता उजवीकडे ती साजूक तुपाच्या रंगाची दिसत होती आणि डावीकडे गुळगुळीत, पांढरीफटक, पण तिच्यावरचा ओलीचा प्रत्येक नकाशा किनाऱ्यासकट स्पष्ट करून. सेक्रेटरींनी क्षणाचाही विलंब न लावता पिवळ्या प्रकाशाच्या बाजूने मत नोंदवले.

पाहता पाहता आठ-दहा माणसे जमली. पूर्वी ट्रकचा व्यवसाय केलेल्या शेजाऱ्यांनी जुना जमाना काढला: तेव्हा दिव्याच्या काचेचा वरचा भाग काळ्या रंगाने रंगवत, म्हणजे समोरच्याच्या डोळ्यांवर प्रकाश येत नसे, आणि ज्याला जास्त उजेड हवा तो शंभर-नव्वदचा बल्ब रिले टाकून लावी, रंगबिंगाच्या नादी कोणी लागत नसे. पांढरा प्रकाश दिवसासारखा असल्यामुळे झोप येत नाही, असे एकाने सांगितले. पिवळा डोळ्यांना शांत, असे दुसऱ्याने. फ्रान्सने हा वाद किती सोप्या रीतीने मिटवला होता, ते मी सांगून पाहिले. तिथे १९३६ साली पुढच्या दिव्यांसाठी पिवळ्या प्रकाशाचा नियम झाला आणि १९९३ पर्यंत तो टिकला. अर्ध्या शतकाहून अधिक काळ एक संपूर्ण देश रात्री पिवळाधमक हिंडला आणि त्यावर कोणाला मत विचारण्यात आले नाही. यावर सेक्रेटरी म्हणाले, “मग आपणही ठराव करू.” मी गाडीचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर येण्याआधीच दिवे मालवले.

ट्रकवाल्या शेजाऱ्यांनी जाता जाता एक गोष्ट मात्र दाखवली आणि ती मला सर्व केल्विनांपेक्षा महत्त्वाची वाटली. उजवीकडच्या हॅलोजनचा प्रकाश भिंतीवर एका ठरावीक रेषेपर्यंत येऊन थांबत होता. त्या रेषेच्या वर अंधार. डावीकडच्या पांढऱ्याला अशी रेषाच नव्हती. तो भिंत ओलांडून पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत शिरला होता आणि तिथले आजोबा हातपंख्याने तोंड झाकून बसले होते. दिव्यामागचा आरसा बल्बमधल्या त्या बारीक तारेची जागा धरून घडवलेला असतो. तारेच्या जागी दुसरेच काही बसवले की प्रकाश पुष्कळ पडतो, पण कुठे पडतो ते त्याचे त्यालाच ठाऊक. चिरंजीव म्हणाले, “सकाळी अँगल सेट करतो.” सकाळी अर्थातच तो उठला नाही.

बाहेरच्या दिव्यांचा निर्णय असा लांबणीवर पडलेला असताना आतल्या दिव्याचा प्रश्न निघाला. गाडीच्या छताला एक छोटा पिवळा दिवा आहे, ज्याच्या उजेडात खाली पडलेले नाणे सापडत नाही, पण कोणीतरी काही तरी शोधत आहे इतके कळते. त्यालाही बदलावे, असे चिरंजीवांचे म्हणणे. त्याने रिमोटवर सोळा रंग बदलणारी पट्टी आणून दाखवली आणि प्रात्यक्षिकादाखल जांभळा रंग लावला. क्षणभर आम्ही सर्व कुटुंबीय रात्रीच्या एखाद्या ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये बसल्यासारखे आणि तिकिटाचे पैसे परत मागणार असल्यासारखे दिसलो. ती पट्टी नामंजूर झाली. मग खरा सामना लागला तो आई आणि पत्नी यांच्यात, आणि दोघींचेही म्हणणे बिनतोड होते.

आईला पांढरा हवा होता. ती रात्री नऊला दोन गोळ्या घेते, रक्तदाबाची पांढरी आणि साखरेची फिकट पिवळी, आणि आमच्या छतावरच्या दिव्याखाली दोन्ही सारख्याच दिसतात. “एखाद्या दिवशी एकीच्या दोन घेतल्या म्हणजे?” हा तिचा प्रश्न. पत्नीचे म्हणणे असे की पांढऱ्या उजेडात माणसे दवाखान्यात नेत असल्यासारखी दिसतात. सणाला निघालेल्या माणसांच्या तोंडावर थोडी तरी कळा नको का? शिवाय मागच्या वर्षी दुकानातल्या पांढऱ्याशुभ्र दिव्यांखाली मोरपंखी म्हणून घेतलेली साडी घरच्या पिवळ्या दिव्यात सरळ सरळ शेवाळी निघाली होती, त्यामुळे थंड प्रकाशावरून तिचा विश्वास कायमचा उडालेला. लहानपणी एसटीत असलेला तो मंद पिवळा दिवा मला या वेळी फार आठवला. त्याच्या उजेडात कोणालाच वाचता येत नसे, त्यामुळे सगळे झोपत आणि वादाला जागाच राहत नसे.

दोघींचे समाधान व्हावे म्हणून मी पांढरा बल्ब बसवला आणि त्यावर पिवळ्या जिलेटीन कागदाची झडप केली. गोळ्यांच्या वेळी कागद वर, एरवी खाली. ही योजना घाटापर्यंत उत्तम चालली.

ताम्हिणीत संध्याकाळी सातला धुके उतरले. आमचा पांढरा डावा आणि पिवळा उजवा असे दोन्ही दिवे पेटलेले होते. पिवळा प्रकाश धुक्यातून आरपार जातो, असे आपण सर्वच लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु धुक्याचा थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या कितीतरी पट मोठा असतो, त्यामुळे तो सर्वच रंगांना जवळजवळ सारखाच अडवतो. आरपार कोणीच जात नव्हता. फरक इतकाच की डावा दिवा धुक्याला धडकून निळसर पांढरी भिंत होऊन माझ्या डोळ्यांवर परत येत होता आणि उजवा जरा नरमाईने परत येत होता. डोळ्यांना निळसर प्रकाशाची तिरीप अधिक टोचते, हे मला त्या तीन किलोमीटरांत कोणत्याही पुस्तकाविना समजले. त्यातच अँगल सेट करायचा राहिल्यामुळे डाव्या दिव्याने रस्त्यापेक्षा झाडांचे शेंडे अधिक आत्मीयतेने उजळले होते.

नेमके तेव्हाच नऊ वाजल्याचे आईच्या लक्षात आले. वास्तविक साडेसातच झाले होते, पण घाटात तिचा जीव घाबरला की गोळीची वेळ आधी येते. तिने झडप वर केली. गाडीत लख्ख पांढरा उजेड पडला आणि समोरचा रस्ता नाहीसा झाला. त्याच्या जागी काचेत, दरीवर अधांतरी, आमचे अख्खे कुटुंब बसलेले दिसू लागले: हातात गोळी घेतलेली आई, परडी सावरणारी पत्नी, मोबाइलमधून मान वर न केलेला चिरंजीव, आणि सर्वांच्या पुढे तोंडाचा आ वासलेला मी. अंधाराला डोळा पुरता सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि तो सराव मोडायला एक दिवा पुरतो. मी गाडी कडेला घेतली, धोक्याचे दिवे लावले आणि सर्वांना, विशेषतः छताला, हात जोडले. तेव्हापासून खाली उतरेपर्यंत आत काळोख राहिला. पत्नी म्हणाली की या उजेडात साडी कोणत्याही रंगाची चालते.

धुके विरळ होण्याच्या आधी एक लाल एसटी आमच्या पुढे आली. मी दिव्यांचा नाद सोडून तिच्या मागच्या तांबड्या दिव्यावर, जो दोनपैकी एकच लागत होता, भरवसा टाकला आणि तिच्या मागोमाग विळ्यापर्यंत उतरलो. पायथ्याला पाऊस थांबला होता. टपरीवर चहा सांगितला. टपरीवाला आमची गाडी बाजूला लागेपर्यंत घाटाच्या वळणांकडे डोळे लावून उभा होता. चहा गाळतानाही त्याची नजर तिकडेच होती.

“मघापासून बघतोय,” तो म्हणाला, “एसटीच्या मागं दोन मोटारसायकलवाले अगदी हँडलला हँडल लावून येत होते. एकाचा पांढरा दिवा, एकाचा पिवळा. एवढ्या पावसात रेस लावतात म्हणजे कमाल आहे. कुठं दिसले का तुम्हाला?”

मी गाडीकडे पाहिले नाही. चिरंजीव बोलण्यासाठी तोंड उघडत होता, त्याच्या हातात मी बिस्किटाचा पुडा दिला.

“पांढरावाला फार डोक्यात गेला हो,” मी म्हणालो. “पिवळ्याचं काही म्हणणं नाही.”