हप्ता उताऱ्यावरच्या नावाला येतो

अर्धेलीने, म्हणजे निम्म्या पिकाच्या बोलीवर दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांवरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ठाण्यात फ्लॅटमध्ये बसून मी मुरबाडच्या शेतकऱ्याच्या पीएम किसान या केंद्राच्या योजनेतल्या दोन हजारांवर डोळा ठेवतो; सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्याचाच हप्ता; आणि अर्धेलीने कसणाऱ्याला सरकारकडून काहीच मिळत नाही, असं मी लेखात ठोकून दिलंय.

शेवटचं आधी. ते माझं चुकलंच, लेखात दुरुस्त केलंय. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, कारण सरकार कंपनीला अनुदान देतं. आमच्यासमोर दुकानदाराने आधार बघितलं, मशीनवर अंगठा घेतला, सातबारा मागितला नाही. म्हणजे ते अनुदान कसणाऱ्यालाही मिळतं.

फ्लॅटचंही खरं. पण मुरबाडच्या आमच्या उताऱ्यावर माझंही नाव आहे, वारस म्हणून लागलेलं. मी आयकर भरतो, म्हणजे पीएम किसानला अपात्र. काकांना वर्षाचे 6000 येतात, वर राज्याच्या नमो शेतकरीचे 6000. जरूर येऊ देत. फक्त काकांचे गुडघे गेल्यापासून त्यांचं भात दुसराच माणूस पिकवतो. राब भाजण्यापासून झोडणीपर्यंत सगळं त्याच्याकडे, निम्म्या भाताच्या बोलीवर. गेल्या पावसाळ्यात तो ओटीवर बसून आवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, मजुरीचा हिशेब घालत होता, तेवढ्यात काकांचा मोबाइल वाजला. चष्मा नव्हता म्हणून त्यांनी तो माझ्या हातात दिला. मीही शहाणा, मेसेज मोठ्याने वाचला: दोन हजार जमा. तो काही बोलला नाही. हिशेब चुकला म्हणाला आणि पुन्हा पहिल्यापासून बोटं मोजायला लागला.

मग त्याला कागद का करून देत नाही? मी काकांना हेच विचारलं. ते म्हणाले, "सत्तावन साल माहितीय ना?" 1948 च्या कुळकायद्याखाली 1 एप्रिल 1957 ला दुसऱ्याची जमीन कसणारी कुळं त्या जमिनीची मालक मानली गेली. आमचे आजोबा त्यातलेच एक कूळ! ज्या कायद्याने आमच्या घरात जमीन आली, त्याचीच आता आम्हाला धास्ती: कागद केला तर उद्या तोही कूळ म्हणून हक्क सांगेल. म्हणून सगळं तोंडी. कागद केला तरी पीएम किसान मालकीच बघते, हे खरं. पण नोंदणी केलेला भाडेकरार असता तर त्याला निदान स्वतःच्या नावाने पीकविमा तरी भरता आला असता. भात आडवं झालं की निम्मं नुकसान त्याचं, आणि पंचनाम्यात नाव मात्र आमचं.

काकांचा हप्ता बंद करा असं मी लेखात कुठेही म्हटलेलं नाही, परत वाचून बघा. यंदाच्या हप्त्यातून आवणीची मजुरी आपण द्यावी, एवढं घरात सुचवलंय. काकू लगेच हो म्हणाल्या. काका अजून बोललेले नाहीत.