ब्रेकलाइटचा फ्यूज आणि शिफ्ट लॉक: एका प्रतिक्रियेला उत्तर

शिफ्ट लॉकवरच्या, म्हणजे ब्रेक दाबल्याशिवाय ऑटोमॅटिक गाडीचा गिअर लिव्हर ‘पार्क’मधून (गाडी उभी ठेवायच्या स्थितीतून) हलू न देणाऱ्या कुलपावरच्या माझ्या लेखावर आपली प्रतिक्रिया वाचली. ‘शिफ्ट लॉकचं फाजील कौतुक. ब्रेकलाइटचा फ्यूज उडाला की गाडी पार्कमध्येच अडकते. उतारावर तर लिव्हर ओढून हात दुखतो. कधी गाडीखाली डोकं घातलंय का?’ मतभेदाला माझी ना नाही. पण शेवटचा प्रश्न उत्तरासाठी नव्हता, टोमणा मारण्यासाठी होता. हाच मुद्दा नीट शब्दांत मांडता आला असता.

विचारलंच आहे तर सांगतो. डॅशबोर्डखाली उताणं पडून ब्रेक पेडलचे स्विच बदलण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. फ्यूजचं मला नव्याने सांगायला नको.

अनेक गाड्यांत लिव्हर पार्कमध्ये आला की स्प्रिंगच्या जोरावर एक खिट्टी त्याला अडवते. इग्निशन चालू असताना ब्रेक दाबला, की पेडलजवळच्या स्विचच्या संकेतावर सोलेनॉइडला (विजेवर चालणाऱ्या चुंबकाला) वीज मिळते आणि खिट्टी मागे सरते. वीज नाही, तर खिट्टी जागच्या जागी. हे मुद्दाम केलेलं आहे. वीज गेली की आपोआप उघडणारं कुलूप लावायचंच कशाला?

आता तुमचा फ्यूज. ब्रेकलाइटही बहुधा त्याच स्विचवर चालतात. लिव्हर हलेना, तर चिडण्याआधी कुणाला तरी मागे उभं करा आणि ब्रेक दाबा. दिवे लागत नसतील तर ती गाडी रस्त्यावर न्यायच्या लायकीचीच नाही. मागून येणाऱ्याला तुमचा ब्रेक दिसणार नाही. तुम्ही ज्याला अडवणूक म्हणता, ती फुकटात मिळालेली सूचना आहे, साहेब! तरीही गाडी हलवायचीच असेल, तर अनेक गाड्यांत लिव्हरशेजारी एक छोटं झाकण असतं. हँडब्रेक लावायचा, ब्रेकवर पाय ठेवायचा, झाकणाखालच्या खाचेत स्क्रूड्रायव्हर दाबायचा आणि लिव्हर न्यूट्रलला न्यायचा. हे लेखात होतं. वाचलं असतंत तर दिसलं असतं.

काही गाड्यांत रचना उलटी असते, म्हणजे वीज असेपर्यंतच लॉक. आणि बटणाने गिअर बदलणाऱ्या गाड्यांत अशी खिट्टीच नसते. त्याबद्दल मी लिहिलं नव्हतं. एवढं मान्य.

‘फाजील कौतुका’बद्दल एकच. अमेरिकेत 1 सप्टेंबर 2010 पासून बनणाऱ्या हलक्या ऑटोमॅटिक गाड्यांना ब्रेक दाबल्याशिवाय पार्कमधून न सुटण्याची सक्ती आहे, आणि तीही लहान मुलांच्या सुरक्षेसाठी केलेल्या कायद्यामुळे. त्या कायद्यालाही फाजील म्हणा हवं तर.

उतारावरच्या घट्ट लिव्हरचा शिफ्ट लॉकशी काडीचा संबंध नाही. गाडीचं सगळं ओझं गिअरबॉक्समधल्या पार्किंग पॉलवर, म्हणजे पार्कमध्ये गाडी अडवून धरणाऱ्या दातावर येतं, म्हणून तो सुटताना जोर लागतो. पाय ब्रेकवर असतानाच आधी हँडब्रेक ओढा, मग पार्क.