रेंज नसली तरी जीपीएस चालतं
‘रेंज गेली की फोनमधलं जीपीएस निरुपयोगी’ हे एका लेखात वाचलेलं वाक्य साफ चुकीचं आहे, आणि असा समज रानात महागात पडतो. जीपीएसला मोबाईलचं नेटवर्क लागत नाही. फोन थेट उपग्रहांचे सिग्नल घेतो. नेटवर्क लागतं ते नकाशा उतरवायला, म्हणून तो निघण्याआधीच उतरवून ठेवायचा.

खरी अडचण बॅटरीची. रेंज नसलेल्या भागात फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि चार्जिंग भराभर उतरतं. एकदा दाट धुक्यात आमची वाट चुकली, तेव्हा सोबतच्या तिघांचे फोन दुपारीच बंद पडले होते. माझा सकाळपासून फ्लाइट मोडवर होता, म्हणजे टॉवर शोधणं बंद, म्हणून चार्जिंग टिकलं. त्यातल्या नकाशावरूनच आम्ही परत पायवाटेला लागलो. थंडीत तर फोन आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. गारठ्याने लिथियम बॅटरी लवकर दगा देते.