पाया खुशाल बदला, सर

इंदूरच्या रामबागेतल्या सरांना नमस्कार.

१ ला १७ ने भागलं की दशांशचिन्हापुढे ०५८८२३५२९४११७६४७ हे सोळा अंक पुन्हा पुन्हा येतात, आणि या संख्येला गुणलं की तेच अंक फिरून येतात. त्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: 'ही जादू सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस खाता खाता दाखवायला ठीक. गणित नव्हे. दहाचा पाया सोडला की सगळं गायब. पुढचं शून्य तर चक्क चिकटवलेलं.'

शून्याचं आधी उरकतो. १ ला १७ ने भागताना पहिल्या पायरीला १० होतात, त्यात १७ जात नाहीत, म्हणून शून्य. ते भागाकारातूनच आलंय.

आता पाया, म्हणजे संख्या किती वेगवेगळे अंक वापरून लिहायच्या ते. या संख्येला १ ते १६ पैकी कशानेही गुणा, तेच सोळा अंक त्याच क्रमाने फिरून येतात. दुप्पट केली तर ११७६४७०५८८२३५२९४. हे दहाच्या पायामुळे दिसतं, हे सोळा आणे खरं. पण का, ते बघायचं तर अंक सोडा आणि भागाकारातल्या बाक्या लिहून काढा: १०, १५, १४, ४, ६, ९, ५, १६, ७, २, ३, १३, ११, ८, १२, १. एक ते सोळा, प्रत्येक बाकी एकदाच. गुणलं की याच रांगेत दुसऱ्या जागेवरून चालायला लागायचं, बस्स. आठव्या जागी १६ आहे बघा. तिथून पुढची प्रत्येक बाकी पहिल्या अर्ध्यातल्या आपल्या जोडीदाराशी मिळून १७ करते, आणि अंक जोडीजोडीने ९ करतात. ०५८८२३५२ आणि ९४११७६४७ यांची बेरीज ९९९९९९९९.

बदला पाया. दोनच्या पायात १/१७ चं आवर्तन, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा अंकगट, ००००११११. चारच्या पायात ००३३. सोळाच्या पायात, म्हणजे रुपयाच्या जुन्या आण्यांसारखा हिशेब धरला तर, शून्य आणि पंधरा, संपलं. फिरणं तुटलं, मान्य. पण अर्ध्यांची बेरीज? ००००+११११, ००+३३, ०+१५: दरवेळी त्या पायातला सर्वांत मोठा अंकच. १७ ने भागून शून्य किंवा १ उरतो असे पाये वगळले, तर ती कुठेच चुकत नाही.

आणि सोळाची पूर्ण फेरी ही काही दहाची मक्तेदारी नाही. सतरापेक्षा लहान पायांत ३, ५, ६, ७, १०, ११, १२, १४ या आठांत ती मिळते. कुठल्याही वर्गसंख्येला १७ ने भागून पाहा, बाकी या आठांपैकी कधीच येणार नाही. ही निवड दहाने केलेली नाही, सतराने केली आहे. (हाच आक्षेप गणिती कापरेकरांच्या ६१७४ वर, म्हणजे चार अंक उतरते-चढते मांडून वजाबाकी करत राहिलं की येणाऱ्या संख्येवर, घेतला असतात, तर मी एवढा भांडलो नसतो.)

राहिलं 'गणित नव्हे'. दहाच्या पायात अशी पूर्ण फेरी (स्वतःपेक्षा एकने कमी इतक्या अंकांची) देणाऱ्या मूळ संख्या, म्हणजे ७, १७, १९, २३, २९, ४७ वगैरे, अनंत आहेत का? गणिती एमिल आर्टिनने १९२७ मध्ये अंदाज बांधला: होय, आणि सगळ्या मूळ संख्यांपैकी सुमारे ३७ टक्के. हूलीने १९६७ मध्ये सिद्धता दिली, पण व्यापक रीमान गृहीतक, म्हणजे मूळ संख्यांच्या वाटणीशी निगडित असं अजून सिद्ध न झालेलं विधान, खरं धरून. त्या टेकूशिवाय दहासाठी उत्तर अजून नाही. इथे पाया बदलूनही सुटका होत नाही: २, ३ आणि ५ यांपैकी निदान एकासाठी उत्तर 'होय' आहे, हे हीथ-ब्राऊनच्या १९८६ च्या कामातून निघतं. कुठल्या एकासाठी, ते मात्र कुणालाच सांगता आलेलं नाही.