पेढा, नाल आणि खडी

घोडा असलेल्या माणसाने घोड्याच्या शेजारून पायी चालू नये. चाललात की येणाऱ्याजाणाऱ्या कुणालाही तुम्हाला थांबवायचा हक्क मिळतो. मला काल संध्याकाळी थांबवलं.

बाजीच्या चारही नाला काढल्यात. टाचा आवळत चालल्या होत्या, खिळे ठोकून ठोकून खुराच्या कडेची पार चाळण झाली होती. डॉक्टर म्हणाले, काढून बघा. नवा खूर वरून, केसांच्या रेषेपासून येतो आणि महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर सरकतो. म्हणजे जमिनीला टेकायला वर्ष धरून चाला. तोवर मुरमावर बाजी ठीक चालतो, पण खडी आली की मंगल कार्यालयाबाहेर चप्पल चोरीला गेलेल्या पाहुण्यासारखा एकेक पाय विचार करून टाकतो. मग मी उतरतो.

माकडटोपी, हातात मिठाईचा पुडा. "लंगडतोय?"

"नाही काका. नाल काढलीये, सवय होतेय."

"म्हणजे अनवाणी? अहो, काहीतरी घाला की त्याच्या पायात!"

"बूट मागवलेत. कस्टममध्ये अडकलेत."

काका मोरीच्या कठड्यावर बसून हसले. चांगले दम लागेपर्यंत हसले. मग डोळे पुसून, "चार?"

"दोनच. पुढच्या पायांवर साठ टक्के वजन असतं."

"मागचे अनवाणीच, म्हणजे." त्यांनी पुडा उघडला. "असो. नात झाली आम्हाला. हा घे रे, पेढा खा."

मी हात आडवा घातला. साखर जास्त झाली तर खुराच्या आतली पकड सुटते, घोडा कायमचा अधू होऊ शकतो, म्हणून गूळसुद्धा बंद आहे, असं सगळं समजावून सांगितलं. काका गंभीर झाले. आवाज खाली आणून म्हणाले, "पायात काही नाही, गोड बंद. कसला नवस बोललाय हो?"

यावर काय बोलणार? एक नालबंद तरी माझ्या बाजूने हवा होता. पण त्याला हा त्याच्या पोटावर पाय वाटतो. नाल ठोकायची नसेल तर तळवा तासायचा नसतो, जाड राहिला तरच तो दगड सोसतो. फक्त कडा गोल करायची. हे दर वेळी सांगतो. तो "हो साहेब" म्हणतो, तळवा तासून गुळगुळीत करतो आणि पैसे पूर्ण घेतो. झेनोफन नावाचा ग्रीक सेनानी इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच सांगून गेला की तबेल्याबाहेर गोटे पसरा, घोडा त्यावर उभा करा, खूर कणखर होतात. त्याचे गोटे गोल होते. आमच्या रस्त्यावर क्रशरची खडी आहे, चारी बाजूंनी धार असलेली. पसरून गेले ते गेले. डांबर येईल तेव्हा येईल, तोवर दुचाकीवाले घसरतात, म्हाताऱ्यांचे पाय मुरगळतात आणि तक्रार करायला गेलं की म्हणतात, काम प्रगतिपथावर आहे.

"त्या काढलेल्या नाला कुठायत?" काकांनी विचारलं. मेव्हण्याला साडेसाती होती. मीन रास.

"तबेल्यात पडल्यात. पण घोडा तांबडा आहे."

"हां, काळ्याची लागते. आणि आपोआप निखळलेली. खिळे उपटून काढलेली नाही चालत."

"मग कशाला विचारताय?"

"अंगठी केल्यावर कुणाला कळतंय?"

उद्या येऊन घेऊन जा म्हटलं. बाजीचा पेढा तोंडात टाकत काका उठले, जाता जाता बुटाच्या टोकाने खडी उडवून म्हणाले, "दिवाळीआधी काही डांबर पडत नाही बघा इथं. बिल अडकलंय. आमचा भाचाच आहे ना काँट्रॅक्टर."